खंडेनवमीचा गंज

खंडेनवमीला आमच्या कारखान्यात मशीनची पूजा असते, आणि नारळ हातात घेऊन सगळे माझ्यासाठी थांबतात. मी पुजारीण नाही. माझं काम एवढंच की टेबलावर मांडलेल्या प्रत्येक तयार पार्टवरून तेलाचं फडकं फिरवायचं. ते झाल्याशिवाय मी कुणाला कुंकवाची डबी उघडू देत नाही. चितेगावच्या या टूलरूममध्ये मी नवी होते तेव्हा लोकांनी मला चक्रम ठरवलं होतं. आता फडकं स्वतःच आणून देतात आणि गालातल्या गालात हसतात. हसू देत. त्या फडक्याचं मी काय देणं लागते ते त्यांना ठाऊक नाही.

मूळची मी पिशोरची. मी सातवीत असताना बाजाराच्या दिवशी एका भांडणात वडिलांच्या हातून माणूस जायबंदी झाला आणि वडील हर्सूलच्या जेलमध्ये गेले. मुलाकातीला जायला बरं पडावं म्हणून आईनं सरळ हर्सूललाच खोली घेतली. शिकायला शहरात आलेल्या पोरांच्या एका मेसमध्ये ती पोळ्या लाटायची. मला जवळच्या शाळेत घातलं. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या पोरीनं विचारलं, "तुझे पप्पा काय करतात?" मी खिडकीतून जेलच्या भिंतीकडं बोट केलं. ती बाक बदलून बसली.

तिथून जे सुरू झालं ते बरीच वर्षं चाललं. माझ्या नाकावर राग होताच, आता तो हातात उतरला. एका पोराला डबा फेकून मारला, त्याचा दात गेला. एका शाळेनं काढलं, दुसरीनं काढण्याआधी मीच जायचं बंद केलं. हर्सूलच्या तलावावर शाळा बुडवणारी पोरं बसायची, मीही बसायला लागले. कुणाचीही मोटारसायकल घेऊन जळगाव रोडनं सुसाट जायचं, कुणी बोललं तर उलट चार शब्द ऐकवायचे. लोक म्हणायचे, बापावर गेली. ते ऐकलं की मी आणखी बापावर जायचे. मला त्या काळाची गंमत वाटत नाही. मी फार एकटी होते आणि ते कुणाला कळू नये म्हणून माझा जिवाचा आटापिटा चालला होता.

दहावी कशीबशी काठावर निघाली. कॉलेजात कोण घेणार? मेसमधल्या एका पोरानं आईला सांगितलं की आयटीआयला फिटर ट्रेडमध्ये मुलींच्या जागा रिकाम्या पडतात. आई मला घेऊन गेली आणि गेटमध्येच म्हणाली, "ही शेवटची शाळा. इथून काढलं तर मी तुला पिशोरला मामाकडं धाडणार. पुढं मामा आन् तू. मला आता नाय झेपत." मामाकडं धाडणं म्हणजे त्या वर्षाच्या आत लग्न, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. स्थळ कुठलं तेही माहीत होतं.

फिटरच्या वर्गात मी एकटीच मुलगी, आणि आमच्या निदेशकही, म्हणजे शिकवणाऱ्याही, बाईच. उंचीनं लहान, निळा एप्रन, पायात जड सेफ्टी शूज. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. भीमनगरात राहायच्या. त्यांच्या काळात फिटर झालेली मुलगी म्हणजे बघायला यायची गोष्ट होती, असं त्या एकदा डबा खाताना म्हणाल्या आणि लगेच दुसरं काही बोलायला लागल्या.

फिटरला पहिले कित्येक आठवडे दुसरं काही शिकवत नाहीत. लोखंडाचा एक चौकोनी तुकडा देतात, त्याला म्हणायचं जॉब. तो व्हाइसमध्ये, म्हणजे बाकाला बसवलेल्या शिकंज्यात, धरायचा आणि कानशीनं घासायचा. सगळ्या बाजू सपाट आणि एकमेकींशी काटकोनात आल्या पाहिजेत. सांगायला सोपं आहे. हाताला फोड येतात, खांदे भरून येतात, आणि जॉब मात्र मधे फुगलेला राहतो, तव्यावरच्या भाकरीसारखा. मॅडम कधी चूक-बरोबर सांगायच्या नाहीत. जॉब घ्यायच्या, त्यावर गुण्या ठेवायच्या, म्हणजे काटकोन तपासायची पोलादी पट्टी, आणि खिडकीपुढं धरून तुमच्याच डोळ्यांसमोर आणायच्या. बाजू सपाट नसेल तर गुण्याखालून उजेडाची रेघ दिसते. "दिसतोय का उजेड?" "व्हय मॅडम." "मग घास." एवढाच त्यांचा शेरा.

पहिल्या दिवशी मी कानस अशी चालवली की जणू ते लोखंडच माझ्या मुळावर उठलं होतं. मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या. माझ्या पायांतलं अंतर त्यांनी बुटानं सरकवून नीट केलं. म्हणाल्या, "कानस पुढं जाताना कापते. काय राग असंल तो पुढं जाताना काढ. मागं येताना दाबायचं नाही. मागं दाबलं की लोखंडाला काही होत नाही, कानशीचेच दात मरतात." मला वाटलं, बाई उपदेश करतेय. पुढं कळलं की त्या फक्त कानशीबद्दलच बोलत होत्या. उपदेश करायला त्यांना वेळच नसायचा.

वर्ग सुटल्यावर त्या मला थांबवून घ्यायच्या. कारण सांगायच्या की तुझं गणित कच्चं आहे. होतंच. बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर कसा वाचायचा, दशांश चिन्ह कुठं द्यायचं, कोनाचं माप कसं काढायचं, हे त्यांनी मला बाकावर खडूनं शिकवलं. शाळेत जे डोक्यावरून गेलं होतं ते हातात लोखंड असलं की कळायचं. एकदा उत्तर बरोबर आल्यावर मी इतकी खूश झाले की त्यांच्या डब्यातली ठेचा लावलेली अर्धी भाकरी न विचारता खाल्ली. त्यांनी उरलेली अर्धीही सरकवली. दिवसा तलावावर जायचं माझं कधी बंद झालं ते माझ्या लक्षातही आलं नाही.

दसरा जवळ आला. आमच्या वर्कशॉपची पद्धत अशी की खंडेनवमीला लेथला झेंडूच्या माळा घालायच्या, हत्यारं टेबलावर मांडायची, आणि ज्यांचे जॉब पास झाले त्यांनी आपापला जॉब देवापुढं ठेवायचा. दसऱ्यानंतर त्याच जॉबवर सत्राचे गुण पडायचे. मॅडम त्या दिवशी नव्हत्या. दसऱ्याला त्या दर वर्षी घरच्यांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर जायच्या, त्यासाठी आदल्या दिवशीच निघायच्या. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी माझा जॉब खिडकीपुढं धरला होता. एका कोपऱ्यात उजेडाची बारीक रेघ होतीच. "आता सुट्टीनंतर," त्या म्हणाल्या. "तेल लावून ठेव."

मी अशी चिडले की बोलायची सोय नाही. चडफडत जॉबला तेल चोपडलं, फडक्यात गुंडाळला आणि माझ्या खणात आपटला.

पूजेच्या दिवशी सगळ्या पोरांचे जॉब टेबलावर चकचकत होते, माझा नव्हता. एक पोरगा मोठ्यांदा म्हणाला, "क्या मॅडमची लाडकी, तेरा जॉब किधर है? उजेड दिसतो म्हणून देवाला चालत नाय का?" सगळे हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सगळ्यांदेखत ओरडले, "गंज लागू दे तुमच्या जॉबांना! एकूण एक!" गटनिदेशक सर, म्हणजे सगळ्या निदेशकांच्या वरचे, नारळ घेऊन दारात उभे होते. त्यांनी ऐकलं. भुवया वर केल्या, आत आले आणि टेबलाच्या कडेवरच नारळ फोडला. पाणी सगळ्या जॉबांवर उडालं. मग हळद, कुंकू, ओली फुलं. पेढे वाटले, आरती झाली. मला शिक्षा म्हणून मागं थांबून झाडून घ्यायला लावलं. मी झाडलं, कुलूप लावलं, किल्ली ऑफिसात दिली. पुजलेल्या वस्तूंना दसऱ्यापर्यंत हात लावायचा नसतो, म्हणून टेबल तसंच ठेवलं.

सुट्टी संपवून आलो तर सगळे जॉब गंजलेले. तांबूस चट्टे, मधेमधे खड्डे पडल्यासारखे. घासून काढावं तर माप जाणार. पोरं रडकुंडीला आली होती, त्यांचीही मेहनतच होती ती. कुणीतरी माझा खण उघडला. माझा जॉब फडक्यात, स्वच्छ, आरशासारखा.

मग काय राहिलं? शेवटी खोलीत मी होते. कुलूप मी लावलं. गंज लागू दे असं मीच ओरडले होते. "हिनंच मिठाचं पाणी टाकलं," एकजण म्हणाला. दुसरा हळूच म्हणाला, "काळ्या जिभेची हाय ती." आणि तिसऱ्यानं ते वाक्य टाकलं जे येणार हे मला माहीत होतं: "बाप आत, ही पण तिकडंच."

माझा हात हातोडीकडं गेला. हातोडीवर अजून कुंकू होतं. मला तो क्षण स्पष्ट आठवतो. हात दांड्यावर होता आणि डोक्यात कुठलाही थोर विचार नव्हता. फक्त मॅडमचा बूट माझा पाय सरकवतोय असं वाटलं. मागं येताना दाबायचं नाही. मी हातोडी सोडली. गटनिदेशक सर म्हणाले, "उद्या आईला घेऊन या आणि नाव काढून घ्या." मी बाहेर पडले.

तलावावर जाऊन बसले. जुनी पोरं नव्हती तिथं, कामाधंद्याला लागली असावीत. माझ्या मनात एक वेडी भीती होती, ती आज सांगते. मला वाटत होतं, खरंच माझ्या जिभेनं झालं असेल तर? मी आयुष्यात ज्याला हात लावला ते बिघडलंच होतं. आईनं ऐकलं तेव्हा ती ओरडली नाही. नुसती भिंतीला टेकून बसली, आणि मला तिचं ओरडणं परवडलं असतं असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो तर मॅडम आलेल्या. प्रवासाचा शीण डोळ्यांत दिसत होता. एक गंजलेला जॉब त्या उजेडात फिरवून बघत होत्या. मी सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. "मॅडम, मी नाय केलं. तुमचा तरी विश्वास हाय ना?"

त्यांनी जॉबवरची नजर काढली नाही. म्हणाल्या, "माझ्या विश्वासानं काय होतंय? लोखंडाला विचारू."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. साऱ्या शहरात एक माणूस माझं होतं असं मी धरून चालले होते, आणि ते माणूस माझ्याकडं न बघता लोखंडाकडं बघत होतं. मी रडले नाही, पण खूप लागलं मला ते.

मॅडमनी गटनिदेशक सरांना बोलावलं, सगळ्या पोरांना गोल उभं केलं. लोखंडाचे तीन तुकडे आणले, तिन्ही घासून लख्ख केलेले, हाताचा घाम लागू नये म्हणून फडक्यानंच धरलेले. पहिल्यावर नारळाचं पाणी शिंपडलं, हळदकुंकू, झेंडूच्या ओल्या पाकळ्या. दुसऱ्याला आधी तेल लावलं आणि मग त्याच्यावरही तेच सगळं. तिसरा कोरडाच ठेवला. मग माझ्याकडं वळल्या. "याला शाप दे."

"काय?"

"त्या दिवशी दिला तसा. सगळ्यांसमोर. जिभेनं गंज चढतो म्हणत्यात ना पोरं? बघू."

पोरं फिदीफिदी हसायला लागली. माझी आई पदर तोंडावर घेऊन दारात उभी. मी मॅडमकडं बघितलं, त्या गंमत करत नव्हत्या. मग मी त्या तुकड्याकडं वळले आणि इतक्या वर्षांचं साठलेलं बाहेर काढलं. पिशोरच्या बाजारातल्या आणि हर्सूलच्या तलावावरच्या मला येत होत्या तेवढ्या सगळ्या शिव्या त्या बापड्या लोखंडाला घातल्या. गंज लाग, भोकं पड, भंगारात जा. गटनिदेशक सर छताकडं बघत होते. शेवटी शेवटी पोरांचं हसणं बंद झालं, आणि मलाच धाप लागली.

"झालं?" मॅडम म्हणाल्या. तिन्ही तुकडे कपाटात ठेवले. कुलूप गटनिदेशक सरांनी स्वतःचं घातलं, किल्ली खिशात टाकली. सुट्टी जेवढी होती तेवढाच वेळ ठेवायचं ठरलं. तोवर मी वर्कशॉपच्या दारात पाऊल टाकायचं नाही. पहिल्यावर गंज चढला तर मी राहायचं, नाही चढला तर नाव कटणार.

त्या मधल्या दिवसांत मुलाकात होती. जाळीपलीकडं वडील, अलीकडं आम्ही. आईनं सगळं सांगितलं. वडिलांनी मला विचारलं, "तू केलंस का?" मी म्हटलं, "नाय." ते लगेच म्हणाले, "मंग नाय केलं. झालं तर." त्यांचे डोळे भरून आले. त्यांचा माझ्यावर पूर्ण विश्वास बसला होता, आणि ते जाळीला धरून उभे होते. बाहेर येताना माझ्या डोक्यात शिरलं की त्या विश्वासानं माझं नाव काही राहणार नव्हतं. मॅडमवरचा माझा राग तिथं, जेलच्या फाटकाबाहेर, थोडा उतरला. सगळा नाही.

घरी आई पिशोरला न्यायचे माझे कपडे वेगळे काढून ठेवत होती. मी बघूनही न बघितल्यासारखं केलं. मनात एकच चाललं होतं. नसेल चढला तर? ऑक्टोबरचं ऊन आहे, हवा कोरडी आहे, पाणी तसंच वाळून गेलं तर? अख्ख्या शहरात गंज चढावा म्हणून देवाला हात जोडणारी मी एकटीच असेन.

ठरलेल्या सकाळी सगळे पुन्हा गोल उभे. आई मेसमधून तशीच आली होती, हाताला पीठ. सरांनी कुलूप काढलं. मॅडमनी पहिला तुकडा बाहेर घेतला आणि फडक्यानं सुकलेल्या पाकळ्या बाजूला केल्या.

खाली गंज होता. चट्टे तसेच, तांबूस, पाकळीच्या आकाराचे. टेबलावरच्या जॉबांशेजारी ठेवला तर कुठला कुणाचा ओळखू येईना. दुसऱ्यावरचं कुंकू पुसलं, खाली तेलानं चमकत होता. तिसरा, ज्याला मी शिव्या घातल्या होत्या, तो जसाच्या तसा. मॅडमनी तो प्रत्येकाच्या हातात फडक्यासकट दिला. ज्यानं काळ्या जिभेचं काढलं होतं त्यानं तो जास्तच वेळ न्याहाळला.

कुणी माझी माफी मागितली नाही. गटनिदेशक सर खाकरले. नारळ कुणी फोडला होता ते सगळ्यांना आठवत होतं, सरांनाही. "बरं," ते म्हणाले, "सगळ्यांनी जॉब नव्यानं करा," आणि निघून गेले. पोरं पांगली. आई दारातच होती. मला कळेना की आता मी काय करायचं. मी आत आहे की बाहेर, हे कुणी बोललंच नव्हतं. नाव राहिलं असं कुणी म्हणालं नव्हतं. हात धुवायला जावं की घरी जावं, अशी मी खांबासारखी उभी.

मॅडमनी माझा खण उघडला. फडकं सोडलं, तेल पुसलं. माझा जॉब घेऊन त्या खिडकीशी गेल्या, त्यावर गुण्या ठेवला आणि मला बोलावलं.

"दिसतोय का उजेड?"

मी बघितलं. कोपऱ्यात होती रेघ, केसाएवढी.

"व्हय, मॅडम."

"मग घास," त्या म्हणाल्या.

आणि तेव्हा मात्र मी सगळ्यांदेखत हमसून हमसून रडले. आईला वाटलं, नाव कटलं. ती धावत आली. मी नुसता जॉब तिच्यापुढं धरला. मॅडमनी तिला स्टूल दिलं, पाण्याचा ग्लास दिला आणि म्हणाल्या, "बसा ताई. तिला वेळ लागंल. कोपरा राहिलाय तिचा."

मी जॉब व्हाइसमध्ये धरला, पाय नीट केले आणि कानस उचलली.